प्रकाशोपचार : कोणासाठी आणि केव्हा?

बोरीवली हे उपनगर आता वयस्क झाले आहे. गिरगाव, लालबाग, दादर येथील चाळींतली एक खोली सोडून ज्यांनी बाभई, शिंपोली, वझिरा, कुलूपवाडी या भागांतील सोसायट्यांमध्ये ब्लॉक घेतले आणि तीस-पस्तीस वर्षे सकाळची चर्चगेट लोकल पकडून बँका, विमा कचेऱ्या आणि मंत्रालयाचा कारभार चालविला, ती पिढी आज सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहे. सकाळी नॅशनल पार्कात फिरावयास येणाऱ्या आणि संध्याकाळी बागेतील बाकांवर बसणाऱ्या या मंडळींच्या गप्पांत गुडघे, साखर आणि रक्तदाब हे विषय मोकळेपणाने येतात. लघवीचा विषय मात्र आवाज खाली आणूनच निघतो. रात्री चार वेळा उठावे लागते, धार बारीक झाली आहे, हे माणूस मित्राला सांगतो. मुलाला सांगत नाही.

अशा वस्तीत आरोग्य शिबिरांना तोटा नसतो. नाक्यानाक्यावर फलक लागतात, रक्त काढले जाते आणि दोन दिवसांनी हाती येणाऱ्या कागदावरील वीस-तीस आकड्यांत ‘पीएसए’ नावाचा एक आकडा असतो. तो चारच्या वर गेला की गृहस्थाची झोप उडते. वास्तविक हा आकडा वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटमुळे किंवा साध्या जंतुसंसर्गानेही वाढतो; पण हे समजावून सांगावयास शिबिरातील कोणी मागे थांबलेला नसतो. पुढे एमआरआय होतो, सुईने ग्रंथीचे तुकडे काढले जातात आणि निदान येते : कर्करोग आहे, पण तो लहान आहे, ग्रंथीच्या एका बाजूला आहे आणि बाहेर पसरलेला नाही. एक शल्यचिकित्सक म्हणतो, ग्रंथी काढून टाका. दुसरा म्हणतो, किरणोपचार घ्या. तिसरा म्हणतो, काहीच करू नका, फक्त लक्ष ठेवा. आणि त्याच आठवड्यात न्यू जर्सीतला मुलगा एक कात्रण पाठवितो : प्रकाशाच्या किरणांनी प्रोस्टेटचा कर्करोग नष्ट होतो, चिरफाड नाही, दुसऱ्या दिवशी घरी. साहजिकच गृहस्थ विचारतो, हे मुंबईत कोठे मिळते?

या प्रश्नाचे उत्तर पत्त्यात नाही. ज्या प्रकाशोपचाराची ही बातमी आहे त्याची गेल्या दहा वर्षांतील हकीकत नीट पाहिली, तर कोणत्या यंत्राने उपचार करावा याआधी उपचार कोणावर करावा हा प्रश्न सोडवावा लागतो, हे लक्षात येते. तो प्रश्न न सोडविता पुढे गेल्यास चांगले शोधही कसे अडतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण अलीकडे दुसरे सापडणार नाही.

मूळ कल्पना जुनी आहे आणि भारतीय परंपरेलाही ती परकी नाही. कोडाच्या डागांवर बावचीचा लेप लावून रोग्याला उन्हात बसविण्याची रीत आयुर्वेदात पूर्वापार चालत आली. बावचीतील सोरॅलेन हे द्रव्य प्रकाश पडला म्हणजे कार्य करू लागते, हे रसायनशास्त्राने पुष्कळ पुढे दाखविले. युरोपात १९०० साली म्युनिकच्या हर्मान फॉन टापायनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कार राब हा विद्यार्थी एका रंगद्रव्याचा सूक्ष्मजीवांवर होणारा परिणाम पाहत होता. तेच द्रावण, तेच जीव. परंतु ते कधी लवकर मरत, कधी उशिरा. फरक प्रयोगशाळेत येणाऱ्या उजेडाचा होता. द्रव्य एकटे निरुपद्रवी, प्रकाश एकटा निरुपद्रवी. दोघे एकत्र आले की मारक. टापायनर यांनी पुढल्या काही वर्षांतच त्वचेच्या गाठींवर हा प्रयोग करून पाहिला. मग अनेक दशके हा विषय मागे पडला. अमेरिकेतील बफेलो येथे टॉमस डोहर्टी यांनी १९७० च्या दशकात त्याला पुन्हा चालना दिली आणि १९९३ मध्ये कॅनडाने या प्रकारच्या पहिल्या औषधाला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. त्या औषधाची अडचण अशी की ते त्वचेत आठवडेच्या आठवडे राहत असे. रोग्याला महिनाभर ऊन चुकवून घरात बसावे लागे.

ही अडचण इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील अविग्दोर शेर्झ आणि योराम सालोमन यांनी दूर केली. प्रकाशावर जगणाऱ्या काही जिवाणूंमध्ये वनस्पतींच्या हरितद्रव्यासारखे एक रंगद्रव्य असते. त्याच्यापासून त्यांनी औषध तयार केले. पॅडेलिपोर्फिन हे त्याचे नाव. ‘टूकाड’ या व्यापारी नावाने ते ओळखले जाते. ते शिरेतून दिले जाते आणि रक्तवाहिन्यांतच राहते. रोग्याला भूल देऊन, जांघेच्या मधल्या भागातून, अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने ग्रंथीच्या रोगट बाजूत केसासारखे बारीक प्रकाशतंतू घातले जातात. त्यांतून ७५३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर प्रकाश सुमारे बावीस मिनिटे सोडला जातो. हा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसतही नाही, पण मांसात खोलवर शिरतो. प्रकाश पडेल तेवढ्याच भागात औषध जागे होते, तेथील रक्तवाहिन्या गोठून बंद होतात आणि रसद तोडलेल्या किल्ल्याप्रमाणे तेवढी गाठ मरते. उरलेले औषध लवकर शरीराबाहेर पडते; दोन दिवस मंद उजेडात काढले की पुरे.

या युक्तीचे महत्त्व कळण्यासाठी प्रोस्टेटची जागा लक्षात घेतली पाहिजे. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. लघवी धरून ठेवणारा स्नायू तिच्या टोकाशी आणि पुरुषत्वाशी संबंधित मज्जातंतू तिच्या दोन्ही कडांना चिकटून जातात. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये हे तंतू वाचविणारी शस्त्रक्रिया दाखवून दिली, पुढे रोबॉट आले. तरीही धोका संपला नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षांनीही १७ टक्के पुरुषांना लघवीसाठी पॅड वापरावे लागत होते. हा आकडा कोरडा वाटतो. पण जो गृहस्थ त्यामुळे देवळात जाणे, नातवाच्या मुंजीला जाणे, लोकलने प्रवास करणे सोडून देतो, त्याच्या लेखी तो उरलेल्या आयुष्याचा प्रश्न असतो. तेव्हा सगळी ग्रंथी न काढता फक्त रोगट भाग मारावा, ही कल्पना आकर्षक वाटावी यात नवल नाही. स्तनाच्या कर्करोगात हेच घडले. संपूर्ण स्तन आणि खालचे स्नायू कापून टाकण्याची हॅल्स्टेड यांची पद्धत जवळजवळ शतकभर अढळ होती. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी गाठीपुरतीच शस्त्रक्रिया निवडक स्त्रियांत तितकीच सुरक्षित असल्याचे दाखविले आणि २००२ मध्ये दोघांच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनी वाद मिटला. ‘वीस वर्षांच्या’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत.

प्रकाशोपचाराची मोठी चाचणी युरोपातील दहा देशांत, ४७ रुग्णालयांत, ४१३ पुरुषांवर झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे मार्क एम्बर्टन आणि फ्रान्सचे अझुझी हे तिचे प्रमुख. निम्म्या रुग्णांना प्रकाशोपचार देण्यात आला, निम्म्यांवर केवळ देखरेख ठेवण्यात आली. डिसेंबर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ने निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ते पहिल्या पानावर घेण्याजोगे मानले, आणि आकडे तसे होतेही. दोन वर्षांत रोग पुढे सरकल्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात ५८ टक्के, उपचाराच्या गटात २८ टक्के. दोन वर्षांनंतरच्या तपासणीत कर्करोग न सापडलेले १४ टक्के विरुद्ध ४९ टक्के. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचाराची पाळी आलेले २९ टक्के विरुद्ध ६ टक्के. लघवी अडण्याचा गंभीर त्रास १५ जणांना झाला, तोही दोन महिन्यांत मिटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये युरोपने कमी धोक्याच्या, एका बाजूच्या कर्करोगासाठी या औषधाला मान्यता दिली. चार वर्षांनंतरच्या पाहणीतही मोठा उपचार घ्यावा लागलेल्यांचे प्रमाण ५३ विरुद्ध २४ टक्के असे राहिले.

आणि तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १३ विरुद्ध २ मतांनी औषधाच्या विरुद्ध कौल दिला. अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली नाही.

हा कौल पुष्कळांना चमत्कारिक वाटला. त्यामागे औषधनिर्मात्यांमधली स्पर्धा, शल्यचिकित्सकांचा हितसंबंध असे तर्कही लढविले गेले असतील. कर्करोगाच्या संदर्भात असे तर्क नेहमीच लढविले जातात. पण समितीचा आक्षेप मुळाशी जाणारा होता. चाचणीत घेतलेल्या पुरुषांचा रोग इतका सौम्य होता की त्यांच्यावर उपचार करण्याची गरज होती, हेच सिद्ध झाले नव्हते. चाचणी उघड असल्यामुळे आपल्याला काय मिळाले आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. देखरेखीच्या गटातला माणूस आधीच धास्तावलेला, तो थोड्याशा कारणाने शस्त्रक्रियेकडे वळणारच. ‘रोग पुढे सरकला’ याच्या व्याख्येत काही मिलिमीटरांची वाढही धरली होती. पुष्कळांच्या शेवटच्या तपासण्या झाल्याच नव्हत्या. दोन वर्षांत गाठ नाहीशी झाली हे खरे. पण जी गाठ पंधरा वर्षांतही त्या माणसाला मारणार नव्हती, ती नाहीशी केल्याचे श्रेय किती मानावयाचे?

या प्रश्नाला आधार देणारा पुरावा नंतर आणखी भक्कम झाला. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात १६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि देखरेख अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकून विभागले होते. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तोपर्यंत ३५६ पुरुष निवर्तले होते, पण प्रोस्टेटच्या कर्करोगाने केवळ ४५. म्हणजे एकूण संख्येच्या २.७ टक्के. बाकीचे हृदयविकाराने, इतर कर्करोगांनी, म्हातारपणाने गेले. तिन्ही गटांत या रोगाच्या मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि देखरेख म्हणजे फुकटची सूट, असा अर्थ कोणी काढू नये. त्या गटात रोग शरीरात इतरत्र पसरल्याचे प्रमाण ९.४ टक्के, म्हणजे शस्त्रक्रियेच्या गटाच्या दुप्पट होते, आणि त्यांतील सुमारे ६१ टक्के पुरुषांनी पंधरा वर्षांत कधी ना कधी मोठा उपचार घेतलाच. देखरेख म्हणजे उपचार टाळणे नसून योग्य वेळेची वाट पाहणे. आणि वाट पाहणाऱ्याने जागे राहावे लागते. सर्वांत सौम्य प्रकारच्या गाठीला कर्करोग हे नावच देऊ नये, असे म्हणणारे तज्ज्ञही आता आहेत. नावाने किती माणसे घाबरून शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात, हे पाहता त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

तेव्हा अमेरिकी समितीने बरोबर केले, असेच म्हणावे लागते. चूक प्रकाशाची नव्हती, रुग्णांच्या निवडीची होती. ज्यांचा रोग मध्यम धोक्याचा आहे, जो सोडून देता येत नाही पण जो अजून ग्रंथीच्या एका कोपऱ्यात आहे, अशांसाठी हा मधला मार्ग कदाचित खरा उपयोगी ठरेल. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या संस्थेत त्या दिशेने मर्यादित चाचणी झालीही. परंतु तसा निर्वाळा देण्यास वर्षे लागतील, आणि फिशर-व्हेरोनेसींच्या वाटेने जावयाचे तर ती वर्षे मोजावीच लागतील.

येथपर्यंतचा विचार पाश्चात्त्य रुग्णाचा झाला. बोरीवलीच्या रुग्णाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे साडेचौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण होते. भारतात सुमारे ३८ हजार. भारतात हा रोग तुलनेने कमी आहे, पण शहरांत आणि वाढत्या आयुर्मानाबरोबर वाढतो आहे. मुख्य फरक वेगळाच आहे. पाश्चात्त्य देशांत वैद्यकापुढील प्रश्न निरुपद्रवी गाठींवर होणाऱ्या जादा उपचारांचा आहे. भारतात पुष्कळ रुग्ण पाठीच्या कण्यात असह्य वेदना सुरू झाल्यावर, म्हणजे रोग हाडांत पोचल्यावर येतात. त्यांच्या बाबतीत प्रकाशतंतूंचा प्रश्नच उद्भवत नाही. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलेला, पुरुषी संप्रेरक बंद करण्याचा उपायच तेथे पहिला आधार असतो.

मुंबईत तर ही दोन्ही टोके एकाच रस्त्यावर भेटतात. एकाच सोसायटीत वरच्या मजल्यावरील निवृत्त अधिकाऱ्याच्या, कधीच त्रास न देणाऱ्या गाठीवर काही लाखांची शस्त्रक्रिया होते आणि त्याच सोसायटीचा वृद्ध रखवालदार दोन वर्षे कंबरदुखीच्या गोळ्या खात राहतो. पहिल्याचा रोग शिबिराने शोधला. दुसऱ्याला शिबिराच्या रांगेत कोणी बोलावले नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ मध्ये सत्तरीपुढच्या पुरुषांची सरसकट पीएसए तपासणी करू नये आणि ५५ ते ६९ या वयात ती डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावी, असे सांगितले. येथील शिबिरांत मात्र पंचाहत्तरीचा गृहस्थही उत्साहाने हात पुढे करतो, आणि त्याला लक्षणे विचारण्याऐवजी त्याचे रक्त काढले जाते, कारण रक्त काढणे सोपे आहे.

यावर काही चिकित्सक एक युक्तिवाद करतात आणि तो वरकरणी पटण्याजोगा आहे. भारतातील रुग्ण पुन्हा पुन्हा तपासणीला येत नाही. गावी जातो, मुलाकडे जातो, बरे वाटते म्हणून सोडून देतो. त्याला देखरेखीवर ठेवणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे; त्यापेक्षा एकदाच काय तो उपचार करून मोकळे व्हावे. या विचाराने पाहिले तर प्रकाशोपचार किंवा तत्सम मर्यादित उपचार भारतासाठी अधिक योग्य ठरतील असे वाटू लागते. पण हा तर्क पुढच्याच पायरीवर कोसळतो. मर्यादित उपचारात ग्रंथीचा अर्धा भाग शिल्लक राहतो. त्यात नवी गाठ होऊ शकते, उपचार केलेल्या भागातही काही पेशी उरू शकतात. युरोपातील चाचणीत उपचार घेतलेल्या पुष्कळ पुरुषांच्या ग्रंथीत दोन वर्षांनी कर्करोग सापडत होताच. म्हणजे रक्ततपासणी, एमआरआय, पुन्हा बायॉप्सी हे चक्र त्यांनाही सुटत नाही. देखरेखीची व्यवस्था नाही म्हणून प्रकाशोपचार करावा, असे म्हणणाऱ्याने ज्या उपचाराला देखरेख लागते तोच उपचार सुचविलेला असतो.

निराळ्या शब्दांत, बोरीवलीच्या गृहस्थाला शस्त्रक्रिया मिळो, प्रकाश मिळो की नुसता सल्ला मिळो, त्याला पुढील दहा-पंधरा वर्षे ओळखणारे एक ठिकाण लागेल. ते आज कोठे आहे? टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून परळला उभे आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या रुग्णांनी त्याचे पदपथसुद्धा व्यापलेले असतात. देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये याच मुंबईत सुरू झाली, म्हणजे मोजण्याची परंपरा या शहराला आहे. पण महापालिकेच्या रुग्णालयांतील मूत्ररोगाचे सुसज्ज विभाग मुख्यतः परळ, मुंबई सेंट्रल आणि शीव येथील महाविद्यालयांशी जोडलेले आहेत. लोकसंख्या उत्तरेकडे सरकली, तज्ज्ञ दक्षिणेकडे राहिले. बोरीवलीच्या भगवती रुग्णालयाच्या पुनर्बांधणीची रखडकथा या भागातील लोकांना नव्याने सांगावयास नको. कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयावर पडणारा भारही सर्वांना दिसतो. जागा भरते ती खासगी रुग्णालये. आणि ज्या रुग्णालयाने कोट्यवधी रुपयांचा रोबॉट घेतला आहे त्याने ‘तुम्हाला सध्या काही करावयास नको, सहा महिन्यांनी या’ असे सांगावे, अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावाला धरून नाही. डॉक्टर प्रामाणिक असला तरी पद्धत त्याच्याविरुद्ध उभी असते.

महापालिकेने प्रकाशोपचाराची यंत्रे आणावीत, अशी मागणी उद्या एखाद्या लोकप्रतिनिधीकडून येईल, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. देखरेखीच्या वहीचे उद्घाटन करता येत नाही. तरीही मागावयाची ती वहीच. उपनगरातील रुग्णालयात आठवड्यातून एक ठरावीक वार मूत्ररोगतज्ज्ञाचा असावा. तेथे साठीपुढच्या पुरुषाला आधी लक्षणे विचारावीत, मग सुई टोचावी. बायॉप्सीच्या काचा दुसऱ्या जाणत्या विकृतिशास्त्रज्ञाने पाहिल्याशिवाय कोणत्याही मोठ्या उपचाराचा निर्णय होऊ नये. टाटा रुग्णालयाच्या समन्वयाने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने अशा सल्ल्याची आणि समान उपचारपद्धतीची वाट घालून दिलेली आहे. पत्नीला किंवा मुलाला समोर बसवून लघवी आणि पुरुषत्व या दोन शब्दांना न अडखळता सगळे परिणाम मराठीत सांगणारी व्यक्ती तेथे असावी. हे काम डॉक्टरपेक्षा अनुभवी परिचारिका पुष्कळदा चांगले करते. आणि ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णाला दूरध्वनी करणे हे कोणाच्या तरी नेमून दिलेल्या कामात असावे. ज्येष्ठ नागरिक संघांनी शिबिरांवर होणारा खर्च आणि उत्साह यातील थोडा भाग या कामाला दिला, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही.

अशा वहीत पुढल्या तपासणीची तारीख लिहिणारा माणूस बोरीवलीतच बसावयास हवा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, वारंवार लघवीला जावे लागणाऱ्या माणसाने ती तारीख पाळण्यासाठी परळ गाठावे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा सकाळी आठ वाजता बोरीवलीच्या फलाटावर उभे राहून चर्चगेटच्या गाडीत चढणारी गर्दी पाहावी.